मुलांच्या अंगावरचे डगले

डोंगराच्या अलीकडे आंबेखिंड नावाचं छोटंसं राज्य होतं आणि पलीकडे सांगवड. दोन्हींच्या मधे एक लांबलचक डोंगरसोंड होती. तिच्यावरच्या कुरणावरून दोन्ही राज्यांत सतत कुरबुर चाले. कधी गुरं अडवली जात, कधी शिवीगाळ होई. म्हणून दोन्ही राजांनी माथ्यावर बंदूकधारी पहारे बसवले होते.

आंबेखिंडीच्या गडाखाली एक शाळा होती. मुलं चाळीस आणि बाई एकच. त्यांचं नाव सगुणाबाई. अंगानं किरकोळ, पण आवाज खणखणीत. त्यांचे यजमान रायाजी सैन्यात हवालदार होते. खिंडीच्या लढाईत ते पडले. तेव्हापासून अकरा वर्षं सगुणाबाई ही शाळा चालवत होत्या. एखादी गोष्ट पटली की त्या ती सोडत नसत, आणि पटली नाही तर तोंडदेखलं हो म्हणत नसत.

राजा रणधवल तरुण होता, नुकताच गादीवर बसला होता. मनानं चांगला, पण उतावळा. वैशाखात एके सकाळी तो शाळा पाहायला आला. पाहतो तर काय, कुणाची बंडी फाटलेली, कुणाच्या अंगात थोरल्या भावाचा गुडघ्यापर्यंत लोंबणारा सदरा. एक मुलगा खिडकीबाहेर बघत होता, दुसरा शेजाऱ्याला चिमटे काढत होता, आणि तीन मुली एकाच वेळी बाईंना प्रश्न विचारत होत्या. राजानं मान वळवून मागे पाहिलं. त्याचे बारा शिपाई एका रेषेत उभे होते. हिरवे डगले, लाल फेटे, कमरपट्टे, छातीवर पितळी बिल्ले. कुणाची पापणीही हलत नव्हती.

राजाच्या मनात तिथेच कल्पना आली. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. यापुढे शाळेतल्या प्रत्येक मुलानं आणि मुलीनं शिपायाचा पोशाख घालून यावं. तोच डगला, तोच फेटा, तोच बिल्ला, फक्त मापानं लहान.

गावात आनंदीआनंद झाला. आईबाप कौतुकानं बोलू लागले. सगुणाबाई मात्र गडाच्या चारशे पायऱ्या चढून राजासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“महाराज, हा हुकूम मागे घ्या.”

“का?” राजाला नवल वाटलं. “शिस्त लागेल. गरीब-श्रीमंत सगळे सारखे दिसतील. यात वाईट काय?”

“सारखे दिसू द्या. त्याला माझी ना नाही. पण शिपायासारखे नकोत.”

“तुम्ही हवालदाराच्या पत्नी ना? शिपायाच्या कपड्याचा मान तुम्हालाच नाही?”

“मान आहे म्हणूनच आले,” सगुणाबाई म्हणाल्या. “आमच्या घरच्यांनी तो डगला अंगात घातला तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. आधी देवापुढे शपथ घेतली, मग घातला. त्या कपड्याबरोबर काय येतं ते त्यांना ठाऊक होतं. माझ्या शाळेतल्या सात वर्षांच्या चिमाला काय ठाऊक आहे? तिनं कुठली शपथ घेतली?”

राजा हसला. “कपड्याचं एवढं काय मनावर घेता? दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर बदलू.”

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “हुकूम तुमचा आहे, मी मोडणार नाही. पण दर पौर्णिमेला मी येईन आणि काय पाहिलं ते सांगेन. तेवढं ऐकायचं कबूल करा.”

राजानं गंमत म्हणून कबूल केलं.

ज्येष्ठात पोशाख आले. मुलं हरखून गेली. फेटा सावरत, बिल्ला घासत ती शाळेत येऊ लागली. पहिल्या पौर्णिमेला सगुणाबाई गडावर गेल्या आणि त्यांनी खरं तेच सांगितलं. “मुलं वेळेवर येतात. रांग सरळ झाली आहे. गोंगाट कमी आहे.”

“बघा!” राजा म्हणाला.

“बघतेच आहे,” सगुणाबाई म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.

आषाढाच्या पौर्णिमेला त्या पुन्हा गेल्या. “महाराज, मुलांनी प्रश्न विचारायचं सोडलं आहे. मी विचारलं, का रे? तर म्हणतात, शिपाई प्रश्न विचारत नाहीत. लोहाराचा भैरू सगळ्यांत उंच आहे. तो आता सेनापती झाला. त्याला विचारल्याशिवाय कुणी पाणी प्यायलाही उठत नाही.”

“वा! म्हणजे पुढारी घडतोय.”

“अकरा वर्षांचा आहे तो. आजवर लहानग्यांचे हात धरून त्यांना ओढा ओलांडायला मदत करायचा. आता त्यांना उन्हात उभं करतो.”

राजानं ते हसण्यावारी नेलं.

श्रावणात त्या पावसात भिजत गेल्या. यावेळी त्यांचा आवाज जड होता. “महाराज, माझ्या शाळेत तुळजा नावाची एक मुलगी होती. घर सांगवडचं, पण आजोळी राहून इथे शिकत होती. अक्षर मोत्यासारखं. शिपाई झाल्यावर मुलांना शत्रू हवा झाला. सांगवडची म्हणून रोज तीच शत्रू. रोज तिला पकडायचे, रोज तिचे हात बांधायचे. मी थांबवलं, ओरडले, शिक्षाही केली. माझी पाठ वळली की पुन्हा तेच. परवा ती परत सांगवडला गेली. जाताना पाटी इथेच ठेवून गेली.”

राजा म्हणाला, “मुलांचे खेळ असेच असतात, बाई. आम्हीही लहानपणी लढाया खेळलोय.”

“खेळ संपला की तुम्ही काठी टाकून घरी जात होता, महाराज. यांच्या अंगावरून तो पोशाख दिवसभर उतरत नाही.”

भाद्रपदात त्या गेल्या, आश्विनातही गेल्या. दरबारी लोक त्यांना पाहून डोळे मिचकावू लागले. बाई आल्या, म्हणजे आज पौर्णिमा, असं म्हणू लागले. सगुणाबाईंनी लक्ष दिलं नाही. दिवाळी झाली. राजाला त्यांनी त्याच्या शब्दाची आठवण करून दिली. राजा म्हणाला, “आता सगळ्यांना सवय झाली आहे. राहू द्या.”

“मग मी येत राहीन,” सगुणाबाई म्हणाल्या.

कार्तिकात दरवर्षी शाळेचं आवळीभोजन असे. डोंगरसोंडेच्या मध्यावर आवळीची दहा-बारा झाडं होती. त्यांच्याखाली बसून मुलं शिदोऱ्या सोडत. सगुणाबाईंनी याही वर्षी मुलांना नेलं. डगल्यांचं काय करावं, हे क्षणभर त्यांच्या मनात आलं होतं. पण हवेत गारठा होता आणि हुकूम हुकूम होता. त्यांनी मुलांना तसंच नेलं.

वर पोचेपर्यंत दाट धुकं उतरलं. भैरूनं मुलांची रांग लावली होती. प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक काठी. टाप टाप पाय आपटत रांग आवळीच्या झाडांपाशी आली.

त्याच आठवड्यात कुरणावरून पुन्हा भांडण पेटलं होतं आणि सांगवडकरांनी पहारा दुप्पट केला होता, हे खाली गावात कुणालाच माहीत नव्हतं.

वरून आरोळी आली. “कोण आहे? थांबा तिथेच!”

मुलं दचकली. वरच्या धुक्यात ओरडणारा दिसत नव्हता. भैरूही घाबरला होता, पण तो सेनापती होता. त्यानं काठी खांद्याला लावली आणि ओरडला, “नेम धरा!” वीस-पंचवीस काठ्या एकदम वर झाल्या.

आणि बार झाला.

गोळी आवळीच्या फांदीला लागली. आवळे टपाटप खाली पडले. चिमा किंचाळली. मुलं एकमेकांना बिलगली. भैरू काठी धरून जागच्या जागी थिजला.

सगुणाबाई धावत पुढे आल्या आणि रांगेच्या आणि माथ्याच्या मधे उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता.

“काठ्या खाली टाका! फेटे काढा! डगले काढा! लवकर!”

एकोणचाळीस डगले गवतात पडले. बंड्यांत, परकर-पोलक्यांत मुलं थंडीनं कुडकुडत उभी राहिली.

“आता पाढे म्हणा. माझ्या मागून. मोठ्यानं! बे एके बे!”

“बे दुणे चार…” आधी दोन-चार रडवेले आवाज निघाले. मग दहा, मग सगळे. दोनाचा पाढा झाला. तिनाचा झाला, चाराचा झाला. वर अजून शांतताच होती. घोडे चढवलेल्या बंदुका तशाच रोखलेल्या असतील, हे सगुणाबाईंना कळत होतं. त्या थांबल्या नाहीत. पाचाचा झाला. सहाचा झाला.

साताचा पाढा त्या शाळेत कुणालाच धड येत नसे. “सात सक बेचाळीस” इथवर गाडी कशीबशी आली. पुढे कुणी म्हणालं “सत्तेचाळीस”, कुणी म्हणालं “एकोणपन्नास”. तेवढ्यात चिमा रडता रडता रागावून ओरडली, “सत्तेचाळीस नाही रे! दरवेळी तू तेच चुकतोस!”

धुक्यात कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला.

“अरे, बंदुका खाली करा,” वरून एक म्हातारा आवाज आला. “पोरं आहेत ही. खरीखुरी पोरं आहेत.”

धुकं बाजूला सारत एक जमादार खाली उतरला. पांढऱ्या मिशा, हातात बंदूक. त्याचं नाव सुभानजी. त्यानं मुलांकडे पाहिलं, गवतात पडलेल्या डगल्यांकडे पाहिलं, आणि तो एकदम खाली बसला.

“बाई,” तो म्हणाला, “पहिला बार इशाऱ्याचा होता. दुसरा इशाऱ्याचा नसतो. माझं बोट चापावर होतं. यांना हे कपडे घातले कुणी?”

“आम्हीच घातले,” सगुणाबाई म्हणाल्या. “आणि घालून इथवर मी आणलं.”

त्यांनी मुलांना एकेक करून मोजलं. तुळजा सोडून सगळी एकोणचाळीस होती. कुणाला खरचटलंही नव्हतं. मग त्यांनी पदर खोचला, डगल्यांची दोन मोठी गाठोडी बांधली आणि सुभानजीला म्हणाल्या, “जमादार, आमच्या राजाला मी सहा महिने सांगते आहे. माझ्या बोलण्यानं त्याला दिसलं नाही. तुम्ही आत्ता जे पाहिलंत ते त्याला सांगाल?”

“मी? शत्रूच्या गडावर?”

“हो.”

सुभानजीनं बराच वेळ विचार केला. मग बंदूक मागोमाग उतरलेल्या साथीदाराकडे दिली, कमरेची तलवार सोडून ठेवली, आणि एक गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. “चला,” तो म्हणाला. “हे सांगितल्याशिवाय मलाही घास गिळवणार नाही.”

दुपारी ती वरात गडावर पोचली. पुढे सगुणाबाई, मागे बंड्यांतली मुलं, आणि सगळ्यांत शेवटी निःशस्त्र सांगवडकर. वाटेतच बातमी फुटली होती. दरबार भरला होता. राजा संतापानं लाल झाला होता.

“आमच्या लेकरांवर गोळी झाडली!” तो गरजला. “सैन्याला तयार व्हायला सांगा. आजच सांगवडवर चालून जायचं. आणि या माणसाला बेड्या घाला!”

दोन शिपाई पुढे सरसावले. सगुणाबाई सुभानजीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

“तो माझ्या शब्दावर आला आहे. आधी त्याचं ऐका. मग हव्या तर बेड्या मलाही घाला.”

राजानं हात वर केला. शिपाई थांबले. सुभानजी पुढे आला. त्यानं मुजरा केला.

“महाराज, मी तीस वर्षं पहारा करतोय. दुरून मला माणसाचं तोंड दिसत नाही. वय दिसत नाही. त्याच्या आईनं सकाळी त्याला काय खाऊ घातलं ते दिसत नाही. मला फक्त कपडा दिसतो. आज मला धुक्यातून हिरवे डगले आणि लाल फेटे तेवढे दिसले. काठ्या वर झालेल्या दिसल्या. पाढे ऐकू आले नसते, तर मी माझं काम केलं असतं. आणि मग उरलेलं आयुष्य कसं काढलं असतं, ते मला माहीत नाही.”

“तरीही गोळी तुम्ही झाडलीत!” राजा म्हणाला. “मुलांवर झाडलीत!”

“नाही, महाराज,” सगुणाबाई म्हणाल्या. “गोळी मुलांवर नव्हती. शिपायांवर होती. मुलांना शिपाई आपण केलं. तुम्ही हुकूम दिलात आणि मी तो पाळला. पौर्णिमेला येऊन नुसतं सांगत बसले. डगले त्यांच्या अंगावर तसेच ठेवून त्यांना डोंगरावर नेलं, ती चूक माझी. ती मी मान्य करते. पण उद्यापासून एकाही मुलाच्या अंगावर मी हा पोशाख चढू देणार नाही. त्यासाठी शाळा बंद करायची असेल तर करा. मी झाडाखाली शिकवीन.”

त्यांनी गाठोड्याची गाठ सोडली. लहान लहान डगले फरशीवर पसरले. काहींच्या बाह्या हातभरही नव्हत्या.

राजानं त्यातला एक उचलला. सगळ्यांत लहान होता तो, चिमाचा. त्यानं तो आपल्या शिपायाच्या डगल्याशेजारी धरला. रंग तोच, बिल्ला तोच. मग समोर बंडीत कुडकुडणाऱ्या मुलांकडे पाहिलं.

शेवटी तो म्हणाला, “सैन्याला थांबवा. बाई, मुलांनी काय घालावं, ते तुम्ही ठरवा.”

“सगळ्यांना सारखं असू द्या, ते तुमचं बरोबर होतं,” सगुणाबाई म्हणाल्या. “पण कुठल्याही सैन्याचा रंग नको. दुरून पाहणाऱ्याला मूल हे मूलच दिसलं पाहिजे.”

“आणि खिसे हवेत!” चिमा मधेच म्हणाली. “डगल्याला खिसेच नव्हते. चिंचोके कुठे ठेवायचे?”

पोशाख आल्यापासून त्या शाळेतल्या मुलानं पहिल्यांदाच प्रश्न विचारला होता. राजा हसला, पण यावेळी थट्टेनं नाही. तो स्वतः सुभानजीबरोबर चालत माथ्यापर्यंत गेला. तिथे सांगवडच्या पहारेकऱ्यांसमोर त्यानं कबूल केलं की चूक आमच्याकडून झाली. कुरणाचं भांडण त्यामुळे मिटलं नाही. पण आवळीच्या झाडांपाशी दोन्हीकडच्या कुणीही बंदूक न्यायची नाही, एवढं त्या दिवशी ठरलं.

चार दिवसांनी शाळेला पिवळेधमक सदरे आले, प्रत्येकाला दोन खिसे. सगुणाबाई ते वाटत होत्या. डगल्यांबरोबर बिल्लेही गडावरच राहिले होते. भैरूनं मात्र आपला बिल्ला डगल्यावरून काढून घेतला होता आणि तो आता मुठीत घट्ट धरला होता. तो दाराशी उभा होता.

“बाई, मला खरंच शिपाई व्हायचंय,” तो म्हणाला.

“हो ना. मोठा झालास, समज आली आणि तेव्हाही वाटलं, तर जरूर हो. मी स्वतः तुला वेशीपर्यंत पोचवायला येईन.”

भैरूनं मान खाली घातली. “पण मी भ्यालो होतो. माझा पाय उचलला नाही. माझ्यामुळे सगळे मेले असते.”

सगुणाबाई त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या.

“तुझ्यामुळे नाही, बाळा. भीती शिपायालाही वाटते. मलाही त्या दिवशी वाटली. पण शिपाई त्या भीतीसमोर स्वतःच्या मनानं जाऊन उभा राहतो. तुला तिथे आम्ही मोठ्यांनी नेऊन उभं केलं होतं. ते ओझं तुझं नव्हतंच.”

भैरूनं मूठ उघडली. बिल्ला बाईंच्या हातावर ठेवला. मग पिवळा सदरा अंगात घातला आणि बाहेर पळाला. ओढ्याला पाणी होतं, आणि लहानगी मुलं काठावर त्याची वाट बघत होती.

तात्पर्य: शिपायाचा पोशाख हा जाणत्या माणसानं समजून-उमजून पत्करायचा भार आहे. शिस्तीच्या किंवा कौतुकाच्या नावाखाली तो मुलांच्या अंगावर चढवू नये. मुलाला मूल म्हणूनच वाढू द्यावं आणि जगालाही ते मूल म्हणूनच दिसू द्यावं.